फासा टाकायचाच कशाला? विसाव्या लेव्हलच्या पुढच्या घरगुती नियमांविषयी

गेल्या दिवाळीत विंझरच्या घरी, पडवीत, माझ्या धाकट्या चुलतभावाला वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले. तो ओरडलाच. त्याचा फायटर एका लिचने, म्हणजे मरूनही न मेलेल्या मांत्रिकाने, 'होल्ड मॉन्स्टर' मंत्र टाकून पुतळ्यासारखा उभा करून ठेवला होता. सुटायची हीच संधी होती. मी वहीत बघितलं आणि म्हणाले, "वीस अधिक शून्य, वीस. सत्तावीस लागतात."

पुढच्या फेरीला चार पडले, त्याच्या पुढच्या फेरीला अकरा. मग त्याने फासा सतरंजीवर ठेवला आणि विचारलं, "ताई, मग फासा टाकायचाच कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. तो म्हशींना वैरण टाकायला उठला आणि त्या रात्री खेळायला परत आला नाही.

ते सत्तावीस मी ठरवले होते. नुसते मनाला आलं म्हणून नाही, तर सूत्र मांडून, पायथनमध्ये दहा हजार लढाया चालवून. आज त्या नियमांची, आणि ज्या छापील नियमांच्या आधारावर मी ते रचले त्यांचीही, चिकित्सा करायची आहे. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल आणि हा खेळ कधी पाहिलाही नसेल, तरी वाचा. यातली एकही चूक फक्त खेळापुरती नाही.

खेळ दोन मिनिटांत

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. एक जण डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. बाकीचे एकेक पात्र घेतात: कोणी फायटर, कोणी विझर्ड, कोणी क्लेरिक. तुम्ही काय करताय ते सांगायचं. यश नक्की नसेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, पात्राचा बोनस मिळवायचा आणि ठरलेला अंक गाठला का ते बघायचं. अनुभव वाढतो तशी लेव्हल वाढते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत विसावी लेव्हल शेवटची. तिथे पोचायला ३,५५,००० अनुभवगुण लागतात.

फाशाची एक बाजू म्हणजे ५ टक्के. बोनस एकाने वाढला की शक्यता ५ टक्क्यांनी वाढते. हे एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं गणित यावरच आहे.

आम्ही २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुरुवात केली. सगळी भावंडं गावी अडकलेली, नेटवर्क असून नसल्यासारखं. पुढे दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांत खेळ चालू राहिला. विसावी लेव्हल आली, पण कोणाला थांबायचं नव्हतं. मग जे मेंढीकोटाचं होतं तेच झालं: पुस्तक संपलं तिथून घरचे नियम सुरू. या खेळात अशा नियमांना होमब्रू म्हणतात. लेव्हल २१ ते ३० चे नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात एमएस्सी झालेली मीच.

छापील उत्तरं

'फार मोठ्या झालेल्या पात्रांचं करायचं काय' हा प्रश्न खेळाइतकाच जुना आहे. त्याची तीन उत्तरं मला महत्त्वाची वाटतात.

पहिलं १९७६ चं. रॉबर्ट कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड यांच्या 'गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज' या पुरवणीत वेगवेगळ्या संस्कृतींतल्या देवांना, त्यात आपल्याकडच्याही, लढाईचे आकडे दिले. प्रस्तावनेत संपादक टिम कास्क यांनी चाळिसाव्या लेव्हलच्या वर गेलेल्या पात्रांची उघड थट्टा केली आहे. सुचवायचं होतं ते असं की तुमचा योद्धा देवांनाही भारी पडत असेल, तर गडबड तुमच्या हिशोबात आहे. हेतू चांगला होता, साधन चुकलं. एखाद्या गोष्टीला हिट पॉइंट दिले की ते कमी करता येतात. इंद्राच्या नावापुढे आकडा लिहिला की खेळाडूच्या मनात भक्ती येत नाही, वजाबाकी येते.

दुसरं उत्तर २००२ च्या 'एपिक लेव्हल हँडबुक'चं, तिसऱ्या आवृत्तीसाठी. यात एक खरोखर हुशार निर्णय आहे. त्या आवृत्तीत विसाव्या लेव्हलला फायटरचा हल्ल्याचा मूळ बोनस २० असतो आणि विझर्डचा १०. हेच चालू ठेवलं असतं तर चाळिसाव्या लेव्हलला ४० आणि २० झाले असते, म्हणजे फरक वीसचा. फासाच वीस बाजूंचा. ज्याच्यावर फायटरचा नेम फाशावर दोन पडले तरी लागतो, त्याच्यावर नेम धरायला विझर्डला बावीस हवेत, आणि बावीस फाशावर नाहीतच. म्हणून लेखकांनी विसाव्या लेव्हलनंतर सगळ्यांना सारखीच वाढ दिली: दर दोन लेव्हलला एक. फरक दहावर गोठला. कोणती राशी फुगत जाऊन मोजपट्टीच्या बाहेर पडेल हे आधी ओळखलं आणि तिलाच आवर घातला.

पण त्याच पुस्तकात नवे महामंत्र रचायची पद्धत आहे. मंत्राची ताकद वाढवली की त्याची अवघडता वाढते, आणि ती कमी करायला सवलती मिळतात. एखाद्या मदतनिसाने आपला नवव्या पातळीचा मंत्र त्यात घातला की अवघडता १७ ने उतरते. दहा मदतनीस, १७० ने. मदतनीस वाढवाल तितकी सूट वाढते. हल्ल्याच्या बोनसला कुंपण घालणाऱ्या लेखकांनी सवलतीला घातलं नाही. एकाच पुस्तकात एक राशी बांधलेली आणि दुसरी मोकळी सोडलेली. प्रबंधांत हे वरचेवर दिसतं: ज्या चलाकडे मार्गदर्शकांचं लक्ष आहे ते जपून हाताळलेलं, आणि ज्याच्याकडे कोणाचं नाही ते वाऱ्यावर.

तिसरं उत्तर २०१४ चं. लेव्हल वाढवायचीच नाही. त्याऐवजी डीएमने 'एपिक बून', म्हणजे वर, द्यावेत. विसाव्या लेव्हलनंतर दर ३०,००० अनुभवगुणांना एक, असं सुचवलं आहे. कल्पना चांगली, पण सगळे वर एकाच भावाने विकलेले. एका वराने विझर्डला नवव्या पातळीचा आणखी एक मंत्र रोज मिळतो, म्हणजे 'विश' दिवसातून दोनदा. दुसऱ्या वराने सगळ्या कौशल्यांत प्राविण्य मिळतं. या दोन वरांची किंमत एक कशी? पर्याय म्हणून असंही सुचवलं आहे की वराऐवजी एखादी मूळ क्षमता दोनाने वाढवावी, आणि २० ची मर्यादा ओलांडून ३० पर्यंत जाऊ द्यावी.

या शेवटच्या वाक्यावर मी माझं घर बांधलं.

माझे नियम, आणि त्यांचा गुणाकार

पाचव्या आवृत्तीचा पाया असा आहे की आकडे फार वाढू द्यायचे नाहीत. साध्या गॉब्लिनवर नेम लागायला १५ लागतात, पुस्तकातल्या सगळ्यात भयंकर टारास्कवर २५. फरक फक्त दहाचा. पहिल्या लेव्हलच्या फायटरचा बोनस साधारण ५ असतो (क्षमतेचे ३, प्राविण्याचे २), विसाव्या लेव्हलला ११ (क्षमतेचे ५, प्राविण्याचे ६). एकोणीस लेव्हल्स चढून वाढ सहाची.

मी तीन नियम केले. एक: प्राविण्याचा बोनस आधीच्याच गतीने, दर चार लेव्हलला एक, वाढत राहील, तिसाव्या लेव्हलला ९. दोन: क्षमता ३० पर्यंत, म्हणजे तिचा बोनस १० पर्यंत. तीन: पंचविसाव्या लेव्हलला फायटरला पाचवा हल्ला. तिन्ही नियम सुटे सुटे बघितले तर साधे. पहिला तर पुस्तकातलीच रेघ पुढे ओढलेला.

आता टारास्कसमोर तलवार घेऊन उभे राहू. तलवार तीच, दोन्ही हातांनी धरायची, वर ३ चा जादूचा बोनस. विसाव्या लेव्हलला एकूण बोनस १४, फाशावर ११ हवेत, शक्यता ५० टक्के. तिसाव्या लेव्हलला बोनस २२, फाशावर ३ हवेत, शक्यता ९० टक्के. नेम १.८ पट झाला. एका घावाचं सरासरी नुकसान आधी १५ होतं (तलवारीचे ७, क्षमतेचे ५, जादूचे ३), ते झालं २०, म्हणजे १.३३ पट. हल्ले चारचे पाच, १.२५ पट. तिन्हींचा गुणाकार करा: बरोबर ३. एका फेरीतलं नुकसान ३० वरून ९० वर गेलं.

मी प्रत्येक नियम वेगळा तपासला होता. "एवढ्याने काय होतंय" असं तीनदा म्हणाले होते. पण हे परिणाम एकमेकांत मिळवायचे नसून गुणायचे होते. तीन चलं एकेक करून तपासली आणि एकत्र कधीच नाही, तर तुमच्या मॉडेलबद्दल तुम्हाला कळलेलं फार थोडं आहे.

शिवाय 'पुस्तकातलीच रेघ पुढे ओढली' हा बचावही टिकत नाही. पुस्तकाने एकोणीस लेव्हल्समध्ये ६ वाढवले, मी दहामध्ये ८. आणि गती तीच ठेवली असती तरीही, ती रेघ १ ते २० या पट्ट्यासाठी आखली होती. ज्या पट्ट्यात माहिती आहे त्याच्या बाहेर रेघ नेताना ती का सरळ आहे हे सांगता आलं पाहिजे. "आत्तापर्यंत सरळ होती" हे कारण होत नाही.

सरासरीने काय लपवलं

एवढं होऊनही माझं सिम्युलेशन समाधानी होतं. कारण मी राक्षसांचे आकडेही त्याच प्रमाणात वाढवले होते. चार पात्रं, समोर एक शत्रू, दहा हजार लढाया. चौघांचं सरासरी नुकसान जवळपास सारखं. आलेख इतका सुबक की मी तो भावंडांच्या ग्रुपवर टाकला.

आता त्या सत्तावीसकडे येऊ. मंत्र टाळायचा अंक असा काढतात: ८, अधिक प्राविण्य, अधिक मांत्रिकाची क्षमता. विसाव्या लेव्हलच्या विझर्डचा होतो ८ अधिक ६ अधिक ५, एकोणीस. लिचला मी तिसाव्या लेव्हलचा विझर्ड धरलं: ८ अधिक ९ अधिक १०, सत्तावीस. माझ्या भावाच्या फायटरचा मनोबलाचा बोनस शून्य. हल्ला करताना फाशावर वीस पडले की नेम लागतोच, अशी सवलत आहे. मंत्र टाळताना पाचव्या आवृत्तीत ती नाही. म्हणजे सुटायची शक्यता शून्य. कमी नाही, शून्य.

फायटरला 'इन्डॉमिटेबल' नावाची एक खास ताकद असते: मंत्र टाळता आला नाही तर फासा पुन्हा टाकायचा, मोठ्या लेव्हलला दिवसातून तीन वेळा. त्याने ती तिन्ही वेळा वापरली होती. शून्याला कितीही वेळा संधी द्या, ती शून्यच राहते. आणि लिचचं लक्ष विचलित करून मंत्र तोडणं हा बाकीच्यांचा मार्गही मीच अरुंद करून ठेवला होता, कारण लिचचे सगळेच बोनस वाढवले होते. आमची एक फेरी पंधरा मिनिटांची. तो चार फेऱ्या, म्हणजे तासभर, नुसता बसून होता.

सगळ्यात लागलेली गोष्ट मला नंतर समजली. २०१४ च्या पुस्तकातल्या लिचचा अंक २० आहे. माझ्या भावाला वीस पडले होते. पुस्तक जसंच्या तसं वापरलं असतं तर तो सुटला असता, आणि ती फेरी आम्ही वर्षभर सांगत बसलो असतो.

सिम्युलेशनमध्ये हे का दिसलं नाही? रात्री कोड उघडून बघितला. प्रत्येक फेरीत प्रत्येक पात्र हल्ला करतं, असं मी गृहीत धरलं होतं. 'हा या फेरीत हलू शकतो का?' अशी ओळच नव्हती. माझा आलेख खरा होता, पण तो 'ज्याला हलता येतं त्याचं' सरासरी नुकसान दाखवत होता. जो अडकला तो माझ्या नमुन्यातच नव्हता. तुमच्या सरासरीच्या मागे असं एखादं न लिहिलेलं 'जर' आहे का, ते शोधा. पीएचडीच्या मुलाखतीत "तुमच्या मॉडेलच्या मर्यादा काय?" असं विचारतात तेव्हा पाठ केलेली तीन वाक्यं नको असतात, त्यांना हे 'जर' हवं असतं.

न्यायाने हेही सांगायला हवं की दोष सगळा माझा नव्हता. मी तो मोठा केला, पण बी पुस्तकातच होतं: एकोणीस अंकापुढे शून्य बोनसच्या पात्राला सुटायची शक्यता १० टक्केच असते. २०२४ च्या सुधारित नियमांत 'इन्डॉमिटेबल'मध्ये दुसऱ्या वेळी फासा टाकताना फायटरची लेव्हलच बोनस म्हणून मिळते. विसाव्या लेव्हलला अधिक वीस! म्हणजे एकोणिसाचा अंक हमखास पार. पण दिवसातून तीनदाच. हा बदल मला फार शहाणपणाचा वाटतो. शक्यता थोडीशी वाढवली नाही. खात्री दिली आणि ती मोजून दिली.

गड आणि टेलिपोर्ट

दुसरी चूक आकड्यांत दिसणारीच नव्हती. आमच्या गोष्टीतला शेवटचा किल्ला मी राजगडावरून उचलला होता. विंझर राजगड-तोरण्याच्या पट्ट्यात, तेव्हा नकाशा काढायला लांब जावं लागत नाही. तीन माच्या आणि मधे त्यांच्याही वर बालेकिल्ला. माची पडली तरी बालेकिल्ला लढू शकतो, अशी ती रचना. मी तीन रात्रींचा चढ आखला होता: चोरवाट, पहारे, कडा.

मामेबहिणीच्या विझर्डने 'टेलिपोर्ट' टाकला. सगळे थेट बालेकिल्ल्यात. तीन रात्रींची तयारी पाच मिनिटांत बाद.

चिडून मी "गडावर टेलिपोर्ट चालत नाही" असा नियम काढणार होते. बरेच डीएम तेच करतात, आणि तोच सगळ्यात वाईट इलाज. खेळाडूने कमावलेली गोष्ट नेमकी उपयोगी पडण्याच्या दिवशी काढून घ्यायची. मग कमवायची कशाला? हा भावाच्याच प्रश्नाचा जुळा भाऊ झाला.

खरी अडचण अशी की मोठ्या लेव्हलचे मंत्र शत्रूचे हिट पॉइंट कमी करत नाहीत, ते प्रश्नच मिटवतात. टेलिपोर्टने अंतर मिटतं. मेलेल्याला उठवणाऱ्या मंत्राने मरण मिटतं. लांबचं बघण्याच्या मंत्राने गुपित मिटतं. डोंगरी किल्ल्याचं बळ चढणीत असतं. चढणच नसेल तर त्या भिंती कुठेही बांधल्या तरी सारख्याच. म्हणून फायटरच्या ९० नुकसानाची विझर्डच्या ९० नुकसानाशी तुलना करून समतोल साधला असं म्हणणं म्हणजे एकाची उंची आणि दुसऱ्याचं वजन मोजून दोघं सारखे ठरवणं. माझी मोजपट्टी अचूक होती. ती चुकीच्या गोष्टीला लावली होती.

कर्णाकडे एकच शक्ती होती

उत्तर मला कोडमध्ये नाही, सप्ताहातल्या कीर्तनात लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत सापडलं. आपल्याकडे अफाट ताकदीच्या पात्रांची कमी नाही, आणि त्यांना कोणी हिट पॉइंट दिले नाहीत. अटी दिल्या. कर्णाला कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राची शक्ती मिळाली: अमोघ, पण एकदाच. भीष्मांना इच्छामरण, पण शिखंडीसमोर शस्त्र उचलायचं नाही. आणि सगळ्यात मोठ्या लेव्हलचं पात्र कोण? त्याने युद्धात शस्त्र न धरण्याची अट स्वतःला घालून घेतली आणि घोड्यांचे लगाम हातात घेतले.

या अटींमुळे ती माणसं लहान होत नाहीत. कर्णाची शक्ती शंभर टक्के लागणार हे सगळ्यांना माहीत आहे. ताण 'लागेल का' यात नाही, 'कोणावर' यात आहे. ताकद पूर्ण ठेवायची आणि निवड अवघड करायची, हा समतोल मला आकड्यांच्या समतोलापेक्षा वरचा वाटतो.

अटींनाही भोक पडतं, हेही आपल्याच गोष्टी सांगतात. हिरण्यकशिपूने यादी केली: माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. नरसिंह संध्याकाळी उंबऱ्यावर आला. अपवादांची यादी करून लिहिलेला नियम असाच फुटतो. यादी कितीही लांबवली तरी दोन नोंदींच्या मधे उंबरा उरतोच. म्हणून अट परिणामावर घालावी, प्रकारांवर नाही.

नवे नियम, आणि त्यांचे दोष

जुना कागद फाडला. नवे नियम तीनच.

विसाव्या लेव्हलनंतर फाशात मिळवायचा कोणताही बोनस वाढणार नाही, शत्रूचाही नाही. आणि फाशावर वीस म्हणजे यश, एक म्हणजे अपयश, मंत्र टाळतानाही. कोणत्याही फेकीची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली किंवा ९५ च्या वर जाणार नाही. ज्या गोष्टीची खात्री आहे तिच्यासाठी फासा मागायचाच नाही.

प्रत्येक नव्या लेव्हलला एक वर, आणि त्याला मोजकी संख्या किंवा किंमत. भावाने घेतलेला वर: दिवसातून एकदा अंगावर आलेल्या कोणत्याही मंत्राला 'नाही' म्हणायचं. किंमत: त्या दिवशी त्याच्यावर दुसरा कोणताच मंत्र चालणार नाही, जखम भरणाराही नाही.

प्रश्न मिटवणारे मंत्र बंद करायचे नाहीत, त्यांची वाट सांगायची. टेलिपोर्ट चालेल, पण जिथे तुम्ही एकदा स्वतःच्या पायांनी चढून गेला आहात तिथेच.

जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी आम्ही हे खेळून बघितलं. भाऊ आला. त्याने पहिल्याच मंत्राला 'नाही' म्हटलं आणि मग क्लेरिकला त्याला बरं करता येईना. फायटर रडतखडत शेवटपर्यंत पोचला. तासभर पुतळा होऊन बसण्यापेक्षा त्याला हे आवडलं, असं त्याच्या आवाजावरून तरी वाटलं.

पण दोष आहेतच. पहिला, साठवणूक. एकदाच वापरायची गोष्ट कोणी वापरत नाही. रविवारी रात्री खेळ संपला तेव्हा चौघांकडे मिळून तीन वर न वापरलेले शिल्लक होते. कर्णानेही शक्ती अर्जुनासाठी राखून ठेवली होती, आणि चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचाने ती त्याच्याकडून वापरवून घेतली. म्हणजे नियम पुरा पडत नाही. राखून ठेवणं परवडणार नाही असा घटोत्कच डीएमला उभा करावा लागतो. जो नियम चांगल्या डीएमशिवाय चालत नाही, तो अर्धाच लिहिलेला आहे.

दुसरा, वरांची किंमत अजून अंदाजाने ठरते. छापील वरांवर जी टीका मी वर केली, तीच माझ्या वरांना लागू आहे. 'दिवसातून एकदा' आणि 'जन्मात एकदा' यांचा भाव कसा ठरवायचा याचं उत्तर माझ्याकडे नाही. छापील 'विश'मध्ये त्याची एक पद्धत दिसते: दुसऱ्या मंत्राची नक्कल सोडून इतर काही मागितलं तर पुन्हा कधीही 'विश' न टाकता येण्याची ३३ टक्के शक्यता. संख्या ठरवलेली नाही, जोखीम ठरवली आहे. पुढच्या फेरीत हे वापरून बघणार आहे.

तिसरा दोष सगळ्यात मोठा, आणि तो नियमांत नाही, चाचणीत आहे. नियम मी लिहिले, चालवले मी, खेळणारी माझीच भावंडं, आणि दिवाळीत ताईला वाईट वाटलं हे त्या सगळ्यांना माहीत. भावाला आवडलं असेल, किंवा तो माझी समजूत काढत असेल. यातलं काय, हे त्या पडवीत बसून मला कधीच कळणार नाही. स्वतःच्या पद्धतीची चाचणी स्वतःच, स्वतःच्या माणसांवर घेणं हा पहिला टप्पा म्हणून ठीक. त्यावर निष्कर्ष लिहायचा नसतो.

म्हणून आता कागद मामेबहिणीकडे दिला आहे. मे महिन्यात ती भोरला तिच्या मैत्रिणींबरोबर खेळणार आहे. त्यांनी मला कधी पाहिलेलं नाही. मी तिथे नसेन, आणि एखादा नियम कळला नाही तर फोन करायचा नाही असं ठरलं आहे. जिथे त्या अडकतील तिथे कागदावर फक्त फुली मारायची, कारण लिहायचं नाही. किती फुल्या येतात ते बघू.